मागे लागणे

आपल्याकडे 'मागे लागणे' दोन टोकांना वापरतात. कुणी हात धुऊन एखाद्याच्या मागे लागला, की त्या बिचाऱ्याची धडगत नाही. आणि पोरगी गाण्याच्या मागे लागली, की घरच्यांना कौतुक. (पोरीच्या मागे लागलेला पोरगा ही तिसरी केस, ती सध्या राहू दे.)

हे आठवलं ते एका ग्रीक क्रियापदामुळे. 'डिओको'. म्हणजे पळणाऱ्याचा पाठलाग करणे. लढाईत शत्रूचा, रानात सावजाचा. झेनोफनच्या नावावर शिकारीचं एक पुस्तक आहे, त्यात सशामागे सुटलेल्या कुत्र्यांना हाच शब्द आहे. अथेन्सच्या कोर्टात तर फिर्यादीला 'पाठलाग करणारा' म्हणत आणि आरोपीला 'पळणारा'! कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हे चटकन पटेल.

नव्या करारात हा शब्द आला की बऱ्याचदा आपण 'छळ' वाचतो. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला जो आवाज येतो, माझा छळ का करतोस म्हणून विचारणारा, त्यातही तोच आहे. 'छळ' चूक नाही. पण त्यात धावणं नाही, धाप नाही.

याने काय बिघडतं ते फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दिसतं. पौल आपलं कूळ, पंथ, कर्मठपणा सगळं सांगतो आणि सहाव्या ओवीत म्हणतो की आवेश म्हणाल तर मी मंडळीच्या मागे लागलो होतो. मग बाराव्या ओवीत आपण अजून पोचलेलो नाही, मागे लागलेलो आहोत, असं सांगतो. ग्रीकमध्ये शब्द एकच. भाषांतरात पहिल्या जागी छळ, दुसऱ्या जागी काहीतरी उदात्त. त्यामुळे वाईट शौल संपला, चांगला पौल सुरू झाला, अशी सोयीची गोष्ट आपल्या मनात तयार होते.

मला वाटतं, पौल स्वतः तसं म्हणत नाही. पाय तेच, दम तोच, फक्त सावज बदललंय. आज एका पक्षासाठी तावातावाने भांडणारा उद्या दुसऱ्यासाठी तितकाच भांडताना आपण पाहतो आणि हसतो. पौलाला ते स्वतःत दिसत असावं. म्हणून मला हा अध्याय थोडा अस्वस्थ करतो.

कुणी म्हणेल, शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, बोलताना कुणाला शिकार आठवत नसणार. मान्य. दोन ओव्या पुढे तर शर्यतीचं चित्र येतं. पण बाराव्या ओवीत पौल लगेच 'पकडणे' आणतो, तेही दोनदा: मी पकडू पाहतोय, कारण ख्रिस्ताने मला पकडलंय. म्हणजे शिकाऱ्याचीच शिकार झालेली! इथे तरी शब्द गुळगुळीत नाही.

रोमकरांस पत्रात (अध्याय १२, ओव्या १३ आणि १४) तर गंमतच आहे. आधी सांगतो, पाहुणचाराच्या मागे लागा. पुढच्याच ओळीत, तुमच्या मागे लागलेल्यांना आशीर्वाद द्या. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे दोन्हीकडे चालणारा शब्द तयार आहे, मग दोन्हीकडे का वापरू नये? छापील बायबलमध्ये नाही तर निदान तळटीपेत.

जाता जाता. हिब्रूतही असंच एक क्रियापद आहे, 'रादाफ'. शौल राजा दाविदाच्या मागे लागतो, तेव्हा डोंगरात तित्तराची शिकार करावी तसं हे चाललंय असं दावीदच त्याला सुनावतो, तिथे ते येतं. (पौलाचं दुसरं नावही शौल, आणि दोघे बन्यामीन वंशाचे.) आणि दाविदाच्या नावावरच्या तेविसाव्या स्तोत्राच्या शेवटी चांगुलपणा आणि दया जन्मभर माझ्यासोबत येतील असं आपण वाचतो ना, तिथेही क्रियापद 'रादाफ'च आहे.