दर्यावरचा निरोप विकत का?

पर्यटकाने बोटीवरून घरी चार शब्द बोलावेत ही त्याची हौस; त्याच बोटीच्या मुदपाकखान्यात महिनोन्‌महिने राबणाऱ्या गोव्याच्या तारवट्याची ती भूक आहे. तरीही कित्येक बोटींवर इंटरनेटचे पैसे दोघांनाही मोजावे लागतात, आणि तारवटी ते मोजतो आपल्या पगारातून! आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या सागरी श्रम करारातील २०२२ सालच्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. खलाशांना आप्तांशी संपर्काची सोय जहाजमालकाने द्यावी, असे त्या सांगतात. आणि या करारापुरते स्वयंपाकी, वाढपी हेही खलाशीच. पण शुल्काबाबत मार्गदर्शक सूचनेत म्हटले आहे एवढेच, की आकारलेच तर ते वाजवी असावे. वाजवी कोणाच्या मते? आई अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या, की कंपनीच्या हिशेबनिसाच्या?

अंतराची सबब तर आता सांगूच नये. जुने संपर्क-उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर होते. स्टारलिंकचे साधारण ५५० वर आहेत, आणि २०२२ पासून प्रवासी बोटी त्यांची सेवा घेऊ लागल्या आहेत. प्रवाशांसाठी बसवलेल्या त्या यंत्रणेतून तारवट्याला रोज अर्धा तास फुकट दिल्याने कोणती कंपनी बुडणार आहे? भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थांना परवाने देणाऱ्या सरकारने त्या परवान्यालाच ही अट जोडावी.