आपले पान आपणच मांडावे

स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा तुम्ही रोज पाहता. एका गोल डब्यात सहासात वाट्या. एकीत मोहरी, दुसरीत हळद, तिसरीत जिरे. कोणत्या वाटीत काय असावे, हे स्वयंपाक करणारी व्यक्ती ठरविते, दुकानदार नव्हे. इंटरनेटवरही असा डबा एके काळी फार लोकप्रिय होता. तो म्हणजे वैयक्तिक मुखपृष्ठ.

ब्राउझर उघडताच जे पान प्रथम दिसते, ते मुखपृष्ठ. हे पान वाचकाने स्वतः मांडावे, अशी सोय १९९६ साली ‘माय याहू’ने दिली. २००५ साली गूगलने तशीच सेवा काढली. २००७ पासून ती ‘आयगूगल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००५ सालीच फ्रान्समध्ये ‘नेटव्हाइब्ज’ निघाली. या पानांवर लहान लहान चौकटी असत. त्यांना विजेट म्हणतात. एका चौकटीत हवामान, दुसरीत बातम्यांचे मथळे, तिसरीत घड्याळ. चौकट माउसने धरावी, हवी तेथे सरकवावी, नको असल्यास काढून टाकावी.

पण ताज्या बातम्या त्या चौकटीत येत कशा? अनेक संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची एक यादी तयार ठेवतात. तीत प्रत्येक नोंदीचे शीर्षक, पत्ता आणि सारांश ठरावीक खुणांच्या आत लिहिलेले असतात. या पद्धतीचे नाव आरएसएस. रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी १९९९ साली नेटस्केप कंपनीच्या अशाच एका मुखपृष्ठासाठी ती तयार केली. विजेट अधूनमधून ती यादी मागविते, खुणा ओळखते आणि शीर्षके चौकटीत मांडते. या खुणा कोणा एकाच्या मालकीच्या गुप्त खुणा नव्हत्या. म्हणूनच कोणत्याही संकेतस्थळाची यादी कोणाच्याही पानावर बसू शके.

१ नोव्हेंबर २०१३ रोजी आयगूगल बंद झाले. नव्या अॅप्समुळे अशा पानाची गरज उरली नाही, असे कारण गूगलने दिले. आज मोबाइल उघडला की अनेक अॅप्समध्ये समोर येते ती न संपणारी यादी. आपण कशावर बोट ठेवले, कोठे किती वेळ थांबलो, यावरून पुढे काय दाखवायचे ते संगणकाचा प्रोग्रॅम ठरवितो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु येथे वाट्या भरण्याचे काम दुकानदाराकडे गेले आहे, आणि आपण अधिक वेळ दुकानात थांबावे यात त्याचा फायदा आहे. हा बदल आपण फार सहज स्वीकारला, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, “मुलाने स्वतः पान मांडले, तर तो सगळ्या चौकटींत क्रिकेटच भरील!” आक्षेप खरा आहे. स्वतः निवडणाराही विहिरीतला बेडूक होऊ शकतो. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. ज्याने स्वतः निवडले, त्याला आपण काय वगळले हे ठाऊक असते. विज्ञानाची वाटी रिकामी आहे, हे त्याला दिसते. उद्या ती भरता येते. ज्याला आयते वाढले जाते, त्याला न वाढलेल्या पदार्थाचे नावही कळत नाही.

दुसरा धडा आयगूगलच्या शेवटातून घ्यावयाचा. वाट्या आपण भरल्या होत्या, पण डबा दुसऱ्याचा होता. त्याने तो उचलून नेला. आरएसएस मात्र कोणा एका दुकानाची नसल्यामुळे टिकली. आजही पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचतात ते बहुतांशी याच पद्धतीने. म्हणून आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी आपल्या वहीतही असावी.

एक प्रयोग करून पाहा. कागदावर सहा चौकटी आखा. रोज सकाळी आपल्याला खरोखर काय कळावयास हवे, ते प्रत्येकीत लिहा. एक चौकट मुद्दाम अशा विषयाला द्या, ज्याची तुम्हांला अजून गोडी नाही. मग शिक्षकांच्या मदतीने एचटीएमएलमध्ये त्या संकेतस्थळांच्या दुव्यांचे साधे पान लिहा, शाळेच्या संगणकावर साठवा आणि तेच ब्राउझरचे मुखपृष्ठ म्हणून ठेवा. बातम्या त्यात आपोआप येणार नाहीत. दुव्यावर जाऊन वाचाव्या लागतील. परंतु इंटरनेट बंद असले तरी ते पान उघडेल, आणि ते तुमच्या शाळेचे असेल. शिक्षकांनी महिन्याने वर्गात एवढेच विचारावे : कोणती चौकट बदलली, आणि का?