मूकपट आमच्या आईलाही कळतो

चित्रपटाचे वेड असलेल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात जाऊन बसले की एक प्रश्न ठरलेला असतो. "तू काय काय पाहिलेस?" मग जपानी, इराणी, फ्रेंच दिग्दर्शकांची नावे सुरू होतात. ज्याने नाव ऐकलेले नसते तो नुसती मान हलवतो आणि घरी जाऊन शोधतो. यात वाईट काही नाही. पण या चित्रपटांखाली इंग्रजी अक्षरे पळत असतात. ती वाचता वाचता चित्र निसटते, आणि ज्याला ती वाचताच येत नाहीत त्याला तर दारातूनच परत फिरावे लागते. माझे म्हणणे असे की, चित्रपट पाहायला शिकायचे असेल तर सुरुवात मूकपटांच्या काळातल्या विनोदी चित्रपटांपासून करावी. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड! "ते तर लहान मुलांचे" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठीच मी हे लिहीत आहे.

हे कोल्हापुरात सांगावे लागते याचे मला नवल वाटते. १ डिसेंबर १९१७ रोजी बाबूराव पेंटर यांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. आनंदराव पेंटर यांच्याबरोबर सुरू झालेली कॅमेऱ्याची खटपट आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी तडीस नेली, आणि 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. 'प्रभात'सुद्धा १९२९ साली इथेच जन्मली आणि तिचे पहिले चित्रपट मुकेच होते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याला हार घातला जातो, भाषणात गावाला 'कलापूर' म्हटले जाते. पण अख्खा मूकपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले किती विद्यार्थी आपल्या वर्गात निघतील? हात वर करायला सांगून पाहा.

यात सगळा दोष आपला नाही, हेही खरे. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले फारच थोडे उरले, आणि उरले तेही बरेचसे तुटक. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर किती रिळे नष्ट झाली होती! विनोदी मूकपट तर आधीच कमी. दादासाहेब फाळक्यांनी १९१४ साली 'पिठाचे पंजे' नावाचा छोटासा विनोदी पट केला होता. बंगालमध्ये धीरेन गांगुलींनी १९२१ च्या 'बिलात फेरत'मध्ये विलायतेहून परतलेल्या साहेबी बाबूची थट्टा उडवली. त्यातल्या त्यात आज पाहता येतो तो फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते. तेवढा तुकडा जरी पाहिलात तरी पुष्कळ कळेल. बाकी भूक भागवायला परदेशात जावेच लागते.

मी इचलकरंजीहून येते. वडील, म्हणजे आप्पा, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात आणि आई कांड्या भरते. आईला सही करता येते, वाचता येत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कॉलेजात मी जे काही शिकते ते घरी सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. पाठ्यपुस्तकातली कविता समजावून सांगायला गेले की आई "बरं बरं" म्हणते आणि चुलीकडे वळते. तिला कळत नाही असे नाही, पण मी बोलू लागले की ती पाहुण्यासमोर बसल्यासारखी बसते. हे मला फार खुपते.

'द गोल्ड रश' (१९२५) मी तिला मोबाईलवर दाखवला. बर्फात अडकलेला, उपाशी चार्ली बूट शिजवतो आणि ताटात वाढून घेतो. बुटाची नाडी शेवयांसारखी गुंडाळून खातो, खिळे चोखतो. आईने पदर तोंडाला लावला. "आगं, हे तर हाडूक चोखल्यागत खिळा चोखतंय!" ती माझ्या आधी हसली. मला ते हाडूक दिसलेच नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उपाशी मानसाला माहीत असतंय गं ह्ये." चॅप्लिनचे लहानपण लंडनमध्ये अत्यंत दारिद्र्यात गेले, काही काळ तो अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात होता, हे मी पुस्तकात वाचून तिला सांगणार होते. त्याची गरज उरली नाही.

मूकपटातही मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात, हे मान्य. जुन्या काळी आपल्याकडे थिएटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. 'द किड' (१९२१) लावला तेव्हा ते काम मी केले. पोरगा दगड मारून काचा फोडतो आणि मागून चार्ली काचा बसवायला हजर होतो, इथपर्यंत पोहोचल्यावर आईच म्हणाली, "गप बस की, कळतंय मला." जाता जाता एक सूचना. 'गोल्ड रश'ला १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच्या आवाजात निवेदन जोडले. ती आवृत्ती टाळावी. बोलून दाखवल्याने त्यातली निम्मी गंमत जाते, मग बोलणारा प्रत्यक्ष चॅप्लिन का असेना.

'मॉडर्न टाइम्स' (१९३६) पाहताना मात्र आप्पा हसले नाहीत. कारखान्यात नट पिळता पिळता चार्लीचे हात असे काही चालू लागतात की पट्टा थांबला तरी हात थांबत नाहीत. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. "ह्येनं माग चालिवलाय का गं?" एवढेच त्यांनी विचारले. आप्पा झोपेत बोटे हलवतात. तुटलेला ताणा सांधायची ती हालचाल आमच्या घरात सगळ्यांना ओळखू येते.

हा चित्रपट आला तेव्हा बोलपट सुरू होऊन कितीतरी वर्षे झाली होती. आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ साली आणि कोल्हापुरात तयार झालेला 'अयोध्येचा राजा' १९३२ साली येऊन गेला होता. तरीही चॅप्लिनने माणसांना मुके ठेवले. त्यात बोलणे ऐकू येते ते यंत्रांतून, मालकाचा हुकूमही पडद्यावरून येतो. शेवटी चार्ली गातो तेव्हा गाण्याचे शब्द लिहिलेला कफ हातातून उडून जातो, आणि तो कुठल्याच भाषेत नसलेले शब्द गातो. सगळे हॉटेल पोट धरून हसते. अर्थ लागतो तो हातवाऱ्यांनी!

इथे मला आपल्या 'सावकारी पाश'ची आठवण येते. १९२५ साली बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून तो मूकपट केला. सावकाराने जमीन गिळलेला तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ते काम शांतारामांनी केले होते. पुढे १९३६ सालीच, म्हणजे 'मॉडर्न टाइम्स'च्याच वर्षी, बाबूरावांनी त्याचा बोलपट काढला. एकाने ती गोष्ट रडवून सांगितली, दुसऱ्याने हसवून. शेत सोडून यंत्राशी उभ्या राहिलेल्या घरातली मुलगी म्हणून मला दोन्ही हवेत, पण मूळचा 'सावकारी पाश' मला कधीच पाहता येणार नाही.

कीटनविषयी थोडे. चॅप्लिन आपल्याकडे डोळे भरून पाहतो, कीटन पाहतच नाही. त्याचा चेहरा दगडासारखा. 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' (१९२८) मध्ये घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि खिडकीच्या जागी नेमका उभा असल्यामुळे तो वाचतो. ती भिंत खरी होती. 'द जनरल' (१९२६) मधले नदीत पडणारे आगगाडीचे इंजिनही खरे. मात्र त्यातला नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या बाजूचा आहे, आणि शाहू महाराजांच्या गावात बसून तो पाहताना हे डोळ्याआड करता येत नाही. विनोद उत्तम आहे म्हणून बाजू माफ होत नाही. लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' (१९२३), तोच उंच इमारतीवरच्या घड्याळाला लोंबकळण्याचा, एकदा पाहावा. मला तो कीटनपेक्षा उणा वाटतो. तरी एका अपघातात उजव्या हाताची दोन बोटे गमावलेल्या माणसाने ते केले आहे, हे समजल्यावर मी पुन्हा पाहिला.

नुसती पडझड आणि लाथाळी, असा आक्षेप घेतात. काही चित्रपटांत तेवढेच असते, ते खुशाल सोडून द्यावेत. पण 'सिटी लाइट्स' (१९३१) च्या शेवटी आंधळेपण गेलेली फुलवाली त्याचा हात हातात घेऊन त्याला स्पर्शाने ओळखते, त्याला कोणी पडझड म्हणणार असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही हा धागा अगदीच तुटलेला नाही. १९८७ चा कमल हासनचा 'पुष्पक' संवादावाचून चालतो. आणि परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये (२००९) फाळक्यांची सगळी धडपड रडवेपणा न करता सांगितली आहे. स्त्रीभूमिकेसाठी मिशा काढायला नटमंडळी कां कूं करतात तो प्रसंग पाहा.

पुढच्या वर्षी आपल्या हॉलमध्ये असा एक तरी चित्रपट लावावा आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवावे, अशी माझी मागणी आहे. प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, आभार काही नको. कीटनचा 'शेरलॉक, ज्युनिअर' (१९२४) त्यासाठी चांगला. त्यात सिनेमागृहात चित्रपट दाखवणारा पोरगा झोपेत उठून थेट पडद्यात शिरतो. पाऊण तासाचा आहे, एका तासिकेत बसतो. आणि इचलकरंजीची शेवटची गाडी चुकणार नाही अशा वेळी तो सुरू करावा.