जुनी गिटार खरी की बनावट? फक्त सिरीयल नंबरवर जाऊ नका!

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कच्चा माल आला की आधी इनकमिंग इन्स्पेक्शन होते. हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळला नाही, तर माल होल्डवर जातो. लाखांच्या घरातली जुनी इलेक्ट्रिक गिटार मोबाईलवरचे फोटो पाहून घेतानाही हीच शिस्त हवी.

पोकळ म्हणजे किती पोकळ?
गिब्सनची १९४९ची ईएस-१७५ आतून पूर्ण पोकळ असते. १९५८ साली आलेल्या ईएस-३३५मध्ये मात्र मधोमध लाकडी ठोकळा असतो. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन एफ आकाराच्या छिद्रातून हे पाहता येते.

नंबर काय सांगतो?
गिब्सनने १९७७पासून आठ आकडी नंबर दिले. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८२७६५ने सुरू होणारा नंबर म्हणजे १९८५चा २७६वा दिवस, ३ ऑक्टोबर. पण १९६०च्या दशकात एकच नंबर अनेक गिटारींवर पडला. शिवाय नंबर ठोकणे बनावट करणाऱ्यालाही जमते.

मग काय तपासायचे?
• व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवरचा कोड: १३७६६१२ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६, बारावा आठवडा. गिटार '१९६४ची' सांगितली असेल, तर एकतर पॉट बदललाय किंवा दावा खोटा आहे. सोल्डरिंगही पाहा.
• हेडस्टॉकमागचा 'मेड इन यूएसए' ठसा: गिब्सन तो १९७०पासून मारू लागली. १९६५च्या गिटारवर तो दिसला तर थांबा.
• अल्ट्राव्हायोलेट दिवा: नवे लॅकर आणि जोडलेला हेडस्टॉक बहुतेकदा वेगळा चमकतो. तुटून जोडलेल्या हेडस्टॉकमुळे किंमत बरीच उतरते.

बदललेला भाग म्हणजे फसवणूक?
नाही. साठ वर्षे वाजलेल्या वाद्यात पॉट, खुंट्या बदलणारच. फसवणूक असते ती लपवण्यात. बदल सांगितला तर भाव त्यानुसार ठरतो, व्यवहारही सरळ होतो. म्हणूनच आतले फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला टोकन देऊ नये.

विकणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. माळ्यावरची जुनी गिटार चकचकीत करण्यासाठी पुन्हा पॉलिश करू नये. मूळ लॅकर गेले, की पुरावाही जातो आणि किंमतही.