दहा नंबरची जर्सी

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, मोदक झाले, मोठी मंडळी वर गप्पा मारत बसली आणि आम्ही बास्केटबॉलवाले नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये. (इकडे टोरांटोत बेसमेंट म्हणजे आपल्या वाड्यातला ओटा समजा. जगातले सगळे निर्णय तिथेच होतात.) मेहुण्याने एक खेळ काढला. रॅप्टर्समधून ट्रेड होऊन गेलेल्या एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाने त्याचा एक सर्वात चांगला आणि एक सर्वात वाईट क्षण सांगायचा. बस्स.

ठाण्याची काकू हा ब्लॉग नेमाने वाचते आणि मग फोनवर विचारते, की हे ट्रेड म्हणजे नक्की काय रे? तर काकू, एनबीएमध्ये एक संघ आपला खेळाडू दुसऱ्याला देतो आणि बदल्यात त्यांचा घेतो. खेळाडूला विचारायची गरज सहसा नसते. त्याचं कॉन्ट्रॅक्ट जिकडे जातं तिकडे तो जातो. घर, बायकोमुलं, मुलांची शाळा हे सगळं त्याचं त्याने बघायचं. आपल्या बदलीच्या नोकरीसारखं म्हण, फक्त पगार जरा बरा :)

तर पहिलं नाव अर्थातच विन्स कार्टर. मी २००२ साली इथे आलो तेव्हा या शहरात बास्केटबॉल म्हणजेच कार्टर होता. चांगला क्षण? फेब्रुवारी २००० मधली डंक स्पर्धा, त्यावर एकमत. वाईट? तिथेही एकमत व्हायचं, निदान पूर्वी तरी. २० मे २००१, फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा सामना. त्या दिवशी सकाळी कार्टर आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला नॉर्थ कॅरोलायनात गेला, तिथून विमानाने सामन्याला आला, आणि शेवटचा शॉट चुकला. ८८-८७. एका गुणाने गेला सामना! पुढे डिसेंबर २००४ मध्ये तो न्यू जर्सीला गेला, तोही स्वतःला इथून बाहेर पडायचं होतं म्हणून. आणि वर टीव्हीवर कबूलही केलं, की टोरांटोत मी दरवेळी पूर्ण जीव ओतून खेळत नव्हतो. मग काय विचारता. तो इथे पाहुणा म्हणून खेळायला आला की वर्षानुवर्षं अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. मीही करायचो. आणि त्या काळात कुणालाही विचारलं असतं, तर पदवीदानाची ती सकाळ हाच त्याचा सर्वात मोठा गुन्हा होता.

आता गंमत बघा. त्या रात्री बेसमेंटमध्ये तोच किस्सा निघाला, तर आमच्यातला एक गृहस्थ (दोन मुलं इथल्या युनिव्हर्सिटीत, फी भरून जेरीला आलेला) म्हणाला, "अहो, पोरगा पदवी घ्यायला गेला, यात वाईट काय?" सगळे हसले. पण खरंच, यात वाईट काय होतं? सामना तोच, शॉट तोच. मधल्या काळात आमचा राग ओसरला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथे त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत दाखवली तेव्हा तो रडला आणि लोक उभे राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची पंधरा नंबरची जर्सी कायमची छताला टांगली गेली. म्हणजे वाईट क्षणांच्या या याद्या खेळाडूबद्दल कमी आणि आपल्या मनःस्थितीबद्दल जास्त सांगतात, असं माझं मत बनत चाललंय.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. हार्दिक पंड्या गुजरातकडून ट्रेड होऊन परत मुंबईत आला आणि रोहितच्या जागी कप्तान झाला, तेव्हा २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याच वानखेडेवर त्याची काय हुर्यो उडवली होती! आणि ४ जुलैला विश्वचषक घेऊन संघ तिथे आला तेव्हा त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर. मैदान तेच, महिने दोन-तीन.

असो. दुसरं नाव निघालं आणि बेसमेंट जरा शांत झालं. डेमार डेरोझन.

कार्टर स्वतः गेला. डेमारला आम्ही पाठवला. हा फरक फार मोठा आहे आणि या शहरात तो कुणी मोठ्याने बोलत नाही.

कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा हा पोरगा २००९ साली आमच्याकडे आला. २०१० मध्ये क्रिस बॉश मायामीला निघून गेला. तेव्हा टोरांटोतून प्रत्येक चांगला खेळाडू जातोच, असा एक कॉम्प्लेक्सच होता आम्हाला. त्या वेळी या विशीतल्या मुलाने जाहीर लिहिलं, काळजी करू नका, मी आहे. आणि राहिला! २०१६ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं, वाटेल तिथे जायची मुभा होती, स्वतःच्या गावचा लेकर्ससारखा संघ होता. त्याने दुसऱ्या कुणाशी बैठकसुद्धा केली नाही. आम्ही इमिग्रंट लोक, आमच्यासाठी ही गोष्ट जरा जास्तच मोठी होती. थंडीला नावं न ठेवता, स्वतःहून इथे राहायचं म्हणणारा अमेरिकन! माझ्या लेकीने तेव्हा त्याची दहा नंबरची जर्सी मागितली. 'वाढत्या अंगाची' म्हणून मी दोन साइझ मोठी आणली. गुडघ्यापर्यंत यायची.

त्याचे चांगले क्षण सांगायला सगळ्यांची नुसती चढाओढ. १ जानेवारी २०१८ ला मिलवॉकीविरुद्ध ५२ गुण, तेव्हाचा रॅप्टर्सचा विक्रम. त्याच वर्षी मार्चमध्ये डेट्रॉइटला शेवटच्या सेकंदांत मारलेला तो डंक. माझी बायको चहा घेऊन खाली आली होती, ती सामने बघत नाही. ती म्हणाली, "तो फेब्रुवारीत रात्री लिहिलं होतं ना त्याने, डिप्रेशनबद्दल? तो." २०१८ च्याच फेब्रुवारीतली ती गोष्ट. सहा-साडेसहा फुटी, करोडोंनी कमावणारा माणूस उघडपणे म्हणतो की मला हे पेलत नाहीये. त्यानंतर केव्हिन लव्हसारखे खेळाडू बोलते झाले. खाली बसलेल्या आम्हा सात-आठ जणांपैकी किती जण स्वतःबद्दल असं एक वाक्य बोलले असते? मी तरी नाही.

माझा चांगला क्षण मात्र वेगळा. १ मे २०१६, इंडियानाविरुद्धचा सातवा सामना. रॅप्टर्स पंधरा वर्षांत पहिली फेरी ओलांडू शकले नव्हते. डेमारने त्या रात्री ३२ शॉट मारले आणि त्यातले २२ चुकले. बावीस! माझ्या शेजारी बसलेला मेहुणा डोकं धरून ओरडत होता की अरे दे ना दुसऱ्याला. पण हा आपला मारतच राहिला. ३० गुण झाले त्याचे, आणि आम्ही ८९-८४ ने जिंकलो. खेळातल्या जाणकारांच्या हिशेबाने ती रात्र त्याच्या वाईट रात्रींत जमा होईल. मला मात्र त्याचा स्वभाव त्या बावीस चुकलेल्या शॉटमध्येच दिसतो. चुकेल म्हणून मागे सरणारा नव्हता तो.

मग वाईट क्षण. इथे मेहुणा सरसावला. ५ मे २०१८. त्या वर्षी आम्ही ५९ सामने जिंकून पूर्वेत पहिले होतो, आणि प्लेऑफमध्ये समोर पुन्हा लेब्रॉन जेम्स. तिसऱ्या सामन्यात डेमारचे फक्त ८ गुण, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये कोचने त्याला बाकावरच बसवून ठेवलं. लेब्रॉनने शेवटच्या क्षणी एका हाताने बोर्डवर आपटून तो शॉट टाकला, १०५-१०३. पुढच्या सामन्यात डेमारला फाउलसाठी मैदानाबाहेर काढलं आणि आम्ही ४-० ने घरी. "म्हणूनच तर ट्रेड करावा लागला," मेहुणा म्हणाला. "आणि बरोबरच केला."

ट्रेड बरोबर होता का? होता. हे मी मान्य करतो, उगाच भावनेच्या भरात इतिहास फिरवणार नाही. १८ जुलै २०१८ ला डेमार सॅन अँटोनिओला गेला, कावाय लेनर्ड आला, आणि १३ जून २०१९ ला आम्ही चॅम्पियन झालो. कावायचा फिलाडेल्फियाविरुद्धचा तो रिंगवर चार टप्पे खाऊन आत गेलेला चेंडू मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्षभरात कावाय निघूनही गेला, तरी सौदा फायद्याचाच. पण डेमारचं म्हणणं होतं की मला इथून हलवणार नाही असं सांगितलं होतं. उजिरीसाहेबांनी नंतर बोलण्यातल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सौदा बरोबर असू शकतो आणि माणसाशी वागणं चुकलेलं असू शकतं, दोन्ही एकदम. आम्हाला मात्र एकच हवं असतं. म्हणून आम्ही ५ मेचा तो बाक पुन्हा पुन्हा काढतो. तो वाईट ठरला की पाठवणारे आम्ही चांगले ठरतो.

माझी पाळी आली. मी म्हटलं, २२ फेब्रुवारी २०१९.

त्या रात्री डेमार पहिल्यांदाच पाहुण्या संघातून टोरांटोत खेळायला आला होता. चित्रफीत दाखवली, लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. आम्ही घरी टीव्हीसमोर, माझेही डोळे भरून आले. लेक शेजारी, बारा वर्षांची, तीच जर्सी घालून. सामना अटीतटीचा. शेवटची काही सेकंदं, सॅन अँटोनिओ एका गुणाने पुढे, चेंडू डेमारच्या हातात. आणि कावायने तो त्याच्या हातातून काढून घेतला, एकटा पळत गेला आणि डंक केला. ज्याच्या बदल्यात गेला, त्यानेच! आम्ही १२०-११७ ने जिंकलो.

मी सोफ्यावरून उडी मारून ओरडलो. टाळ्या, शिट्टी, सगळं. दोन तासांपूर्वी याच माणसासाठी रडलो होतो हे डोक्यातसुद्धा आलं नाही. वळून बघितलं तर लेक नव्हती. वर तिच्या खोलीत निघून गेली होती. जर्सी जिन्याच्या कठड्यावर टाकलेली. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही हसत होतात." मी हसलो नव्हतो. ओरडलो होतो. पण तिला ते समजावून सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही.

डेमार पुढे २०२१ मध्ये शिकागोला गेला. एप्रिल २०२३ मध्ये शिकागोचा संघ इथे आला, हरेल तो घरी असा सामना. डेमारची नऊ वर्षांची मुलगी प्रेक्षकांत बसली होती. आमचा खेळाडू फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की ती जीव खाऊन किंचाळायची. ३६ पैकी १८ फ्री थ्रो चुकले आमचे! एकोणीस गुणांची आघाडी घालवून १०९-१०५ ने हरलो. मी संतापलेलो, आणि माझी सोळा वर्षांची लेक पोट धरून हसतेय. त्या रात्री तिने कपाटातून जर्सी काढली. आता बरोबर मापात बसते.

तर बेसमेंटमध्ये मी ती फेब्रुवारीची रात्र सांगितली, तसा मेहुणा लगेच म्हणाला, "ते चालणार नाही. तेव्हा तो आपला नव्हता. दुसऱ्याच्या जर्सीतले क्षण धरायचे नाहीत."

लेक जिन्यात उभी होती, मोदकाचं ताट घेऊन. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"मामा, तो धरायचा," ती म्हणाली, आणि ताट ठेवून वर गेली.