उतरलेल्या गाडीला अनुदान नाही

विजेच्या गाडीला सरकारी अनुदान म्हटलं की आपल्यातले काही जण नाक मुरडतात. भांडवलदाराचं पोट भरायचे धंदे, म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. कारण अनुदान चालतं, साला! मे 2023 मध्ये देशात लाखाच्या वर विजेच्या दुचाक्या नोंदल्या गेल्या. जूनपासून केंद्राने फेम-2 योजनेतली मदत कापली. बॅटरीत मावणाऱ्या दर युनिटमागे 15 हजार होते ते 10 हजार केले, वरची मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 वर आणली. त्याच महिन्यात नोंदणी निम्म्याच्याही खाली आली. पैसा ज्याच्याकडे ओताल तो हलतो. मग ओतला कुणाकडे?

ज्याच्या खिशात डाऊन पेमेंट, ज्याच्या नावावर मीटर, ज्याच्या बिल्डिंगखाली पार्किंग, त्याच्याकडे. आमच्या भूमकडं भट्टीवरचा खवा बाजारात न्यायचा तर गडी सेकंडहँड पेट्रोलगाडी बघतो. अनुदान फक्त नव्या गाडीला. पूर्वी वाड्यावरची उतरलेली कापडं मिळायची, आता उतरलेली गाडी. उतरलेल्या गाडीला कोण अनुदान देतो? आणि नवी घ्यायची ऐपत येईस्तोवर दिल्लीचा नळ आटतो. ऑक्टोबर 2024 ला पीएम ई-ड्राईव्ह आली तेव्हा युनिटमागे 5 हजार, एप्रिल 2025 ला ते अडीच हजारांवर आले. पहिल्या पंगतीला बासुंदी, शेवटच्या पंगतीला खरवड.

राज्याचं बघा. मे 2025 च्या धोरणात दुचाकीला 10 टक्के सूट आहे, नाही असं नाही. पण गाजावाजा कशाचा? अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, इथं विजेच्या मोटारीला नि बसला टोल माफ. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला आणि रिक्षाला मुळात पाय ठेवायला बंदी! शिवडीला गोदीच्या उशाशीच अटल सेतू सुरू होतो. गोदीतला हमाल स्कूटर घेऊन त्यावर चढला तर पोलीस धरतील, आणि पंचवीस लाखांच्या मोटारवाल्याचे 250 रुपये सरकार सोडतं. पर्यावरणासाठी म्हणे.

एस.टी.ने 2023 मध्ये 5,150 विजेच्या बस भाड्याने घ्यायचं ठरवलं. 2025 पर्यंत त्यातल्या थोड्याच आल्या. आपल्या पोरांनी मोर्चा न्यायचा तर यावर न्या. आधी येष्टी, मग वस्तीत स्वतंत्र मीटर आणि जामीनदार न मागता रिक्षाला कर्ज. मोटारवाल्याचा टोल त्यानंतर बघू.