चहाच्या बाकावरील मसलत आणि ग्रामसभा

गावाच्या सुधारणेचा विचार करावयाचा तर तो ग्रामपंचायतीच्या कचेरीतच झाला पाहिजे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती मला मान्य नाही. कारण कचेरीची पायरी चढणारा मनुष्य अर्जदार होऊन चढतो, आणि अर्जदाराची वाचा नेहमीच थोडी आखडलेली असते. तोच मनुष्य जाफराबाद तालुक्यातील आमच्या टेंभुर्णीस एखाद्या चहाच्या हॉटेलात बाकावर बसला, म्हणजे वर्तमानपत्राचे एक पान आपण ठेवून दुसरे शेजाऱ्याच्या हाती देतो, कपाशीच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सर्व विषयांवर निर्भीडपणे बोलतो, आणि त्याच ओघात घरापुढच्या नालीचा उतार नेमका कोठे चुकला आहे, पाणी कोणत्या वळणावर अडते आणि ते कोणाच्या ओट्याखालून काढता येईल, हेही तपशीलवार सांगून जातो. ग्लास रिकामा होतो, पैसे गल्ल्यावर पडतात, आणि हे सारे ज्ञान तेथेच विरून जाते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकच प्रश्न घेऊन हीच मंडळी त्याच बाकांवर बसली, आणि बोललेले कोणी वहीत उतरवून घेतले, तर गावाची कितीतरी अडलेली कामे मार्गी लागतील, असे माझे ठाम मत आहे.

यावर कोणी म्हणेल की, त्यासाठी ग्रामसभा आहेच. आहे खरी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिला अधिष्ठान दिले, १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिची प्रतिष्ठा वाढविली, आणि वर्षातून किमान चार सभा घेण्याचे बंधनही घातलेले आहे. परंतु मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमली नाहीत, की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नसल्यामुळे, गावाच्या नावाने होणारे ठराव मूठभरांच्या हजेरीत संमत होतात. लोकांना गावाची आस्था नाही, असा याचा अर्थ मी करीत नाही. ज्या विषयावर पूर्वी कधी मोकळेपणाने बोलणेच झालेले नाही, त्यावर एका बैठकीत होकार किंवा नकार देण्याचे संकट सामान्य मनुष्य टाळतो, इतकेच. निर्णयाच्या आधी विचाराला जी सवड लागते, ती आपल्या कारभारात कोठेच ठेवलेली नाही.

ही सवड गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या छोट्या गावाने विचारपूर्वक निर्माण केली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात तेथे जे अभ्यास गट चालत आले, त्यांचा शिरस्ता मोठा मननीय आहे: गटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणत्यासही बोलवावे, कायद्याचे कलम असो की मध काढण्याची रीत असो, विषय तळापर्यंत खणावा, पण निर्णय मात्र तेथे मुळीच घेऊ नये. निर्णय ग्रामसभेने आणि तोही सर्वसहमतीने घ्यावयाचा. चर्चेच्या जागी सत्ता नसल्यामुळे कोणास हरण्याचे भय उरत नाही, आणि सभेत येणारा मनुष्य विषय पचवून येतो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, त्याच्या पाठीशी असे वर्षानुवर्षांचे बोलणे होते.

इतके दूर कशाला जावे! आपल्याच जिल्ह्यात, जालन्याजवळील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात, शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते आणि तेथे शेतकरी शेतकऱ्याला विचारतो. ते केंद्र चालविणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, कडवंची गावी १९९६ च्या सुमारास पाणलोटाचे काम आरंभिले, आणि त्या पाण्यावर पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येकाच्या बांधाला हात लावणारे असले काम केवळ सरकारी मंजुरीने होत नसते. त्यास शेजाऱ्याची संमती लागते, आणि ती संमती हुकमाने मिळत नाही.

चहा-कॉफीच्या दुकानातील बोलणे क्षुल्लक मानणाऱ्यांनी इंग्लंडचा दाखला पाहावा. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या अखेरीस कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले, ते तेथील राजकीय बोलण्याच्या धास्तीने. आणि लोकक्षोभामुळे थोड्याच दिवसांत त्याला ते मागेही घ्यावे लागले.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या गावांतील पार, चावडी आणि हॉटेल या जागा सर्वांच्या कधीच नव्हत्या. दलित गिऱ्हाइकासाठी वेगळा कप ठेवणारी हॉटेले या महाराष्ट्रात होती, तो कप त्यालाच विसळून ठेवावा लागे, आणि ती आठवण ज्यांच्या घरात अद्याप ताजी आहे त्यांनी आपण होऊन बाकावर येऊन बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांच्या वस्तीत जाऊन, तेथील टपरीवर, त्यांनी मांडलेल्या प्रश्नावर बसावे. निदान दर दुसरी बैठक तेथे व्हावी. स्त्रियांचे तर हॉटेलात बसणेच गावाला रुचत नाही, आणि पाण्याची, नालीची, शौचालयाची खरी माहिती त्यांच्याचपाशी असते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद २००३ पासून कायद्यात आहे. बचत गटांच्या बैठकीत तोच प्रश्न मांडून त्यांचे म्हणणे त्याच वहीत लिहिले गेले, तर ती तरतूद सजीव होईल. ही दोन कामे होणार नसतील, तर हॉटेलातील मसलत म्हणजे पूर्वीच्याच चार घरांचा कारभार नव्या जागी नेणे होय, आणि त्याचा पुरस्कार मी करणार नाही.

बैठकीत पक्षाचे नाव निघू नये, सरपंचाने यावे ते ऐकण्यासाठी यावे, चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत, आणि निवडणूक जवळ आली की कोणा इच्छुकास ते देऊ देऊ नयेत. पहिला विषय नालीचाच असावा, कारण त्यात प्रत्येक घराचा संबंध येतो आणि काम डोळ्यांना दिसते. गुढीपाडव्यानंतर बसावयास आरंभ केला, तर उतार, गाळ, खर्च आणि कोणाची हरकत आहे, एवढा तपशील महिनाभरात वहीत येईल. १ मेच्या ग्रामसभेत तो रीतसर ठरावाच्या रूपाने मांडता येईल. आणि त्यानंतर मृग लागेपर्यंत जी महिन्याहून थोडी अधिक मुदत उरते, ती गाळ काढून उतार दुरुस्त करण्यास पुरेशी आहे.